अंतरीचा दिवा : मराठी ख्रिस्ती परंपरेतील श्रद्धेची जोपासना

धर्मांतर हा शब्द उच्चारला की आपल्या मराठी घरांतून बहुधा दोनच उद्गार ऐकू येतात. अमका बाटला, हा एक. आणि अमक्याला कशाचा तरी मोह पडला, हा दुसरा. दोन्ही उद्गारांची नजर एका दिवसावर खिळलेली असते : ज्या दिवशी माणसाने एक धर्म सोडला आणि दुसरा घेतला, तो दिवस. आम्ही आयुष्याची तीसहून अधिक वर्षे शासनाच्या सेवेत काढली, त्यामुळे दिवस नोंदण्याची सवय आमच्याही हाडीमांसी खिळली आहे. नोंदवहीत धर्माचा रकाना असतो, त्यात एक शब्द लिहिला की काम संपते. त्या शब्दामागे माणसाच्या मनात उजेड आहे की अंधार, हे विचारण्याची सोय कोणत्याही दप्तरात नाही आणि ती नसलेलीच बरी. तथापि इतिहास लिहिताना केवळ रकान्यावर थांबून चालत नाही. बाप्तिस्म्याच्या दिवसानंतरची वीस-तीस वर्षे माणसाने ती श्रद्धा कशी सांभाळली, कशाने वाढविली आणि ती पुढच्या पिढीच्या हाती कशी दिली, हा त्या दिवसापेक्षा मोठा विषय आहे. प्रस्तुत लेखात मराठी ख्रिस्ती परंपरेच्या आधारे त्याचाच थोडा मागोवा घेण्याचा विचार आहे.

आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही, आणि या पत्रिकेचे बहुसंख्य वाचकही नसतील. मग आदिलाबादच्या मराठी मंडळींनी या विषयात का शिरावे, असा प्रश्न कोणी केल्यास तो रास्तच होय. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. आपल्यापैकी कोणाचे पूर्वज वतनाच्या निमित्ताने, कोणाचे कापसाच्या व्यापाराच्या, तर कोणाचे नोकरीच्या निमित्ताने पैनगंगा ओलांडून इकडे आले. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा राजुरा आणि किनवट हे मराठी तालुके या जिल्ह्यातून निघून पलीकडे गेले. मुधोळ-भैंसा इकडे आले. आपण जिथल्या तिथे राहिलो आणि राज्य मात्र बदलले. पुढे २०१४ साली तेलंगण झाले, २०१६ साली एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. या सर्व उलथापालथींत घरातली भाषा, घरातला देव आणि घरातली पोथी टिकवायची कशी, हा आपल्याला नित्याचा प्रश्न आहे. मराठी ख्रिस्ती समाजापुढे हाच प्रश्न उलट बाजूने उभा होता. आपली भाषा परक्या मुलखात रुजवावयाची होती. त्यांची श्रद्धा परक्या मुलखातून आली होती आणि ती मराठी मातीत रुजवावयाची होती. म्हणून त्यांचा अनुभव आपल्या कामाचा आहे.

या परंपरेचा आरंभ गोव्यात सापडतो. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ साली मरण पावेपर्यंत तेथेच राहिला. त्याच्या आयुष्याचा बहुतेक भाग साष्टी प्रांतात गेला. तो काळ सुखाचा नव्हता. १५६० साली गोव्यात धर्मसमीक्षण संस्था, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाली होती. देवळे पाडली जात होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले; त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी बोलावून पोर्तुगीजांनी ठार केले. राजसत्तेच्या धाकाने जो धर्म अंगावर येतो त्याचा उजेड मनात कसा पडावा? ही शंका आजच्या वाचकाच्या मनात येते, तशी ती स्टीफन्सच्याही मनात कोठेतरी आली असली पाहिजे. कारण त्याने पुढे जे काम केले ते या शंकेचे उत्तर असल्यासारखे दिसते.

नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. संध्याकाळी दिवा लागल्यावर पोथी ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय मात्र कोणी काढून घेऊ शकले नव्हते. तोंडपाठ केलेली प्रश्नोत्तरे ही त्या सवयीची भूक भागवू शकत नव्हती. स्टीफन्सने ही भूक ओळखली आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगावयास घेतली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. मराठी अक्षरांचे खिळे तेव्हा उपलब्ध नसल्यामुळे ते रोमी लिपीत छापावे लागले. भाषा मात्र मराठी, मधूनमधून कोंकणीचा शिडकावा असलेली. त्यात त्याने मराठीची जी मनापासून थोरवी गायिली आहे ती आपण शाळेत शिकलो आहोत. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. एका परदेशी माणसाने चाळीस वर्षे ज्यांच्यात काढली त्यांना त्याने आपली भाषा शिकविली नाही. त्याने त्यांची भाषा, त्यांचा छंद आणि त्यांची ऐकण्याची रीत शिकून घेतली. ओवी ही मुळात जात्यावरची. श्रद्धा ओवीत आली म्हणजे ती स्वयंपाकघरापर्यंत गेली.

पुढे १६४९ व १६५४ साली या ग्रंथाच्या आवृत्त्या निघाल्या. नंतर दिवस पालटले. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे, अशा आशयाचा हुकूम काढला. ज्या भाषेत श्रद्धा रुजली तीच भाषा सरकारी हुकमाने उपटावयाची, हा प्रकार आम्हांस त्या सर्व कालखंडातील सर्वांत दूरदृष्टिहीन प्रकार वाटतो. परंतु हुकूम दप्तरात राहिला आणि पुराण घरात राहिले. गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे निरनिराळ्या कारणांनी दक्षिणेस कानडा प्रांतात, मंगळूरच्या बाजूस, जाऊन स्थायिक झाली. जाताना त्यांनी ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या. कोंकणी बोलणाऱ्या आणि कन्नड-तुळू मुलखात राहणाऱ्या त्या कुटुंबांत हा मराठी ग्रंथ वाचला जात राहिला, त्याच्या नकला होत राहिल्या. आणि म्हणूनच १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांना मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती काढता आली. सतराव्या शतकातल्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती लागत नाही. जे वाचले ते स्थलांतरित कुटुंबांच्या पेटाऱ्यांनी वाचविले. आपल्यासारख्या स्थलांतरित कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी हा ग्रंथ देवनागरीत आणला तेव्हा तो सर्वसामान्य मराठी वाचकाच्या हाती आला.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटते. इंग्रजी अमलात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी मराठी मुलखात आले. छापखाने निघाले, शाळा निघाल्या. १८४२ साली अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनने काढलेल्या नियतकालिकाचे नाव होते 'ज्ञानोदय'. बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले. १८५७ साली त्यांचे विधवांच्या दुःस्थितीवरील 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले, ज्याला मराठीतील पहिल्या कादंबरीचा मान दिला जातो. आणि १८८८ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'अरुणोदय'. ही दोन्ही नावे पाहा. दोन्हींत उजेड आहे, आणि तो उदयाचा, म्हणजे पहाटेचा उजेड आहे. रात्र संपली आणि दिवस उगवला, अशी त्या पिढीची भावना होती. नव्या श्रद्धेचा तो पहिला आवेग होता. त्यात प्रामाणिकपणा होता, धैर्य होते, आणि मागे सोडलेल्या घराला निव्वळ अंधार समजण्याची घाईही होती. सूर्य कोणाला तेवत ठेवावा लागत नाही. दिव्याचे तसे नसते. त्याला तेल घालावे लागते, काजळी झटकावी लागते, वाऱ्यापासून हाताचा आडोसा द्यावा लागतो. मराठी ख्रिस्ती परंपरेत ही जाणीव पुढच्या पिढीत आली, आणि ती सर्वप्रथम एका स्त्रीने स्पष्ट शब्दांत सांगितली.

पंडिता रमाबाई या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. जन्म १८५८. वडील गावोगाव पुराण सांगत फिरणारे विद्वान. लेकीला त्यांनी आणि तिच्या आईने संस्कृत शिकविले. दुष्काळात आईवडील गेले. कलकत्त्यास पंडितांनी रमाबाईंचा सन्मान केला, 'सरस्वती' म्हटले. लग्न झाले, दोन वर्षांच्या आत वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी आपल्या लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नोंदीपुरते पाहिले तर प्रकरण येथे संपते. परंतु पुढे लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी जे कबूल केले आहे ते कोणाही धर्माच्या माणसाने विचार करण्याजोगे आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त काही सापडला नाही. आणि प्रत्येक माणसाला उजळणारा जो प्रकाश योहानाच्या शुभवर्तमानात सांगितला आहे तो अजून आपल्या आत पडलेला नाही. धर्मग्रंथ कळला, तत्त्वे पटली, वाद जिंकले. दिवा मात्र लागला नाही!

या आठ वर्षांत रमाबाई रिकाम्या बसलेल्या नव्हत्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. सदनात धर्माची सक्ती नव्हती. मात्र रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि मुली येऊन बसत. त्यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. येथे दोन्ही पक्षांची बाजू समजून घेतली पाहिजे. पालकांनी मुली शिक्षणासाठी पाठविल्या होत्या, त्यांची चिंता खोटी म्हणता येत नाही. आणि ज्या बाईला नुकताच आपल्या आत उजेड दिसला होता, तिने प्रार्थनेच्या वेळी दार लावून घ्यावे ही अपेक्षाही साधी नव्हती. सार्वजनिक संस्थेत अंतरीच्या श्रद्धेला किती वाव असावा, हा तंटा तेव्हा सुटला नाही. आजही तो सुटला आहे असे म्हणवत नाही.

रमाबाईंनी त्या उजेडाचे पुढे काय केले, यावरून त्याची पारख होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या, म्हणजे आपल्या वर्धा नदीपलीकडच्याच मुलखात, आणि तेथून शेकडो निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगाव येथे 'मुक्ती'ची उभारणी झाली. आंधळ्या, अपंग, टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळाला. विणकाम, शेती, छपाई असे हातचे काम मिळाले. आयुष्याच्या उत्तरार्धातील त्यांचे मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचत होते त्या पंडितेने भाषांतरासाठी बोजड संस्कृतप्रचुर मराठी टाळून खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईला समजेल अशी साधी मराठी जाणूनबुजून निवडली. १९२१ साली मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. स्टीफन्सने ख्रिस्तकथा ओवीत आणली. रमाबाईंनी ती चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या बोलीत आणली.

आता टिळक दांपत्याकडे वळू. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू त्यांच्या घरी लक्ष्मी होऊन आली. टिळकांचा पाय एका गावी ठरत नसे. नागपूरला बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ग्रंथसंपादनाचे काम केले, तेथून पुढे ते राजनांदगावला गेले. त्या आगगाडीच्या प्रवासात एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंना ही बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. त्यांचे वडील विलक्षण सोवळ्याचे. मिठासकट सारे जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत त्यांची मजल गेलेली. अशा घरात वाढलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या सत्तावीस वर्षांच्या स्त्रीचा नवरा ख्रिस्ती झाला. लहान मुलाला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने पंढरपूर, नाशिक येथे राहिल्या. चार-पाच वर्षे हा वियोग चालला. टिळकांच्या श्रद्धेची गोष्ट सांगताना ही वर्षे झाकून ठेवणे योग्य होणार नाही. एकाच्या घरात पडलेल्या उजेडाची सावली दुसऱ्यावर पडली होती, आणि ती सावली लक्ष्मीबाईंनी एकटीने सोसली. पुढे त्या अहमदनगरला नवऱ्याजवळ आल्या त्याही आपले सोवळे-ओवळे सांभाळून. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. हळूहळू विचार करीत त्यांनी आधी जातिभेद मनातून काढला, कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याची आपल्या मनाची तयारी केली, आणि मग १९०० साली स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. या क्रमाला महत्त्व आहे. टिळकांचा मार्ग ग्रंथातून आणि काव्यातून गेला. लक्ष्मीबाईंचा मार्ग पाण्याच्या घड्यापाशी गेला. दोघे एका ठिकाणी पोहोचले, पण प्रत्येकाने आपापल्या पायांनी.

टिळकांनी स्वतःविषयी जे सांगून ठेवले आहे ते आपणा वारकरी संस्कारातल्या लोकांना विशेष जवळचे वाटावे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते. बाबा पदमनजींच्या पिढीला मागचे घर अंधाराचे वाटले होते. टिळकांना त्या घरात तुकोबांचा दिवा दिसत होता. म्हणूनच त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली, भजने रचली. त्यापूर्वी मराठी चर्चमधून बरीचशी गीते इंग्रजी चालींवर भाषांतरित स्वरूपात म्हटली जात. अर्थ कळे, पण गळा साथ देत नसे. टिळकांच्या पदांनी उपासनेला मराठी गळा दिला. आजही मराठी ख्रिस्ती उपासनेतील गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. १९१२ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास गेले आणि 'देवाचा दरबार' नावाचे मंडळ त्यांनी सुरू केले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती; ख्रिस्ताला गुरू मानणे एवढी अट. नोंदवहीतल्या रकान्यावर याहून मोठा विश्वासघाताचा आरोप कोणता करावा, असे आमच्यातला जुना कारकून गमतीने म्हणेल. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस निवर्तले.

त्यांच्या घरातल्या उजेडाची साक्ष मराठी कवितेतही आहे. १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनात चमकलेले कोवळे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांनी व्हावे असा हट्ट त्या घरात कोणी धरला नाही. अनाथ मुले, दुष्काळात सापडलेली पोरे, रोगी, वाटसरू असा गोतावळा त्या घरात सदैव असे. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाई रोग्यांच्या शुश्रूषेस उतरल्या. श्रद्धा जोपासणे म्हणजे काय, हे त्या घरात प्रवचनातून नव्हे, तर ताटातल्या अर्ध्या भाकरीतून कळत असावे.

टिळकांनी १९०९ साली 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. त्यांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले. उरलेले काम लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले, आणि ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांच्याच लेखणीतून उतरला. १९३६ साली त्या वारल्या. त्यांच्या मागे १९३८ साली चिरंजीव देवदत्त यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३४ पासून भागाभागाने आलेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राविषयी मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. आम्हांला येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, ज्या श्रद्धेने त्यांचे घर एकदा मोडले होते, तिचेच काव्य शाळा न शिकलेल्या त्या माउलीने नवऱ्याच्या मागे पुरे केले. बाप्तिस्म्याच्या कागदाने हे होत नाही. पस्तीस-छत्तीस वर्षे रोज त्या वातीला तेल घातले गेले म्हणून ते झाले.

या तिन्ही उदाहरणांतून एक समान गोष्ट निघते. श्रद्धा बाहेरून येऊ शकते; पुस्तकातून, प्रवाशाकडून, परदेशातूनही येऊ शकते. पण तिचा आत उजेड पडतो तो माणूस ज्या भाषेत रडतो आणि हसतो त्या भाषेत ती आल्यावर, घरात रोज मोठ्याने म्हटली गेल्यावर, आणि दुसऱ्याच्या दुःखाला हात लावल्यावर. यांतले एकही वगळले तर नाव उरते, दिवा उरत नाही. स्टीफन्सच्या पुराणाने भाषा दिली, मंगळूरच्या घरांनी नित्य पठण दिले, केडगावने सेवा दिली, आणि टिळकांच्या घरात तिन्ही एकत्र आली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. इकडील चर्चमधून उपासना बहुतांशी तेलुगूत चालते. दक्षिण भारतातील प्रॉटेस्टंट मंडळी एकत्र येऊन १९४७ साली जे चर्च झाले, त्याच्या मेदक धर्मप्रांतात हा भाग येतो. कॅथलिकांपैकी केरळच्या सिरो-मलबार परंपरेचा स्वतंत्र आदिलाबाद धर्मप्रांत १९९९ साली चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याचे पीठ मंचेरियाल येथे आहे. सुरियानी भाषेतून मल्याळमकडे आणि मल्याळमकडून तेलुगूकडे, असा या उपासनेचा प्रवास झाला. ज्याला आपण एक धर्म म्हणतो तो प्रत्यक्षात किती भाषांच्या अंगणातून चालत येतो, हे पाहावयास दूर जावयास नको.

तेलुगू ख्रिस्ती परंपरेने हा धडा आपल्याइतकाच चांगला गिरविला आहे. एकोणिसाव्या शतकात पुरुषोत्तम चौधरी यांनी तेलुगूत ख्रिस्ती कीर्तने रचली, ती आजही गायिली जातात. १९१२ साली दोर्नकल येथे व्ही. एस. अझरिया हे अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप झाले. ते जन्माने तमिळ, तिरुनेलवेलीकडचे. परंतु ज्यांच्यात काम करावयाचे त्यांची तेलुगू भाषा त्यांनी आपलीशी केली. १९३९ साली पवित्र झालेले तेथील कॅथीड्रल पाहावे. देवळाचे खांब, मशिदीचे घुमट आणि चर्चचा क्रूस एकाच वास्तूत नांदताना दिसतात. ख्रिस्तजन्माचा तारा पाहून परदेशी ज्ञानी वाट चालत आले, त्या प्रकटीकरणाच्या सणाचे नाव त्या कॅथीड्रलला दिलेले आहे.

अझरियांचे उदाहरण आपल्यापुढे एक अवघड प्रश्न ठेवते, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. आपली तिसरी-चौथी पिढी तेलुगू आणि इंग्रजीत शिकते आहे. शाळेत हिंदी असल्यामुळे मुलांना देवनागरी वाचता येते, हरिपाठाची अक्षरे ती लावतात. अर्थ मात्र त्यांना लागतोच असे नाही. सरहद्दीवरच्या काही गावांत मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, पण शहरातल्या घरांतून मुलांचा कल दुसरीकडे आहे. मग आपण काय करावे? नातवंडांनी न कळणारा हरिपाठ पाठ म्हणावा, की त्यांनी पोतनाची तेलुगू भागवतातली पद्ये अर्थ समजून म्हणावीत? आमचे उत्तर काही ज्येष्ठ मंडळींना रुचणार नाही. ज्या मुलाचे मन तेलुगूत उघडते त्याने तेलुगूत प्रार्थना केली तर त्यात कुळाला उणेपणा नाही. स्टीफन्स इंग्रज असून मराठीत बोलला, अझरिया तमिळ असून तेलुगूत. कमीपणा असेल तर तो कोणत्याच भाषेत मन न उघडण्यात आहे. देवघर आहे, समई आहे, आणि वर्षानुवर्षे तिच्यापुढे कोणी एक ओळही समजून म्हटलेली नाही, यात आहे.

तथापि हा मराठी सोडण्याचा परवाना समजू नये. मंगळूरच्या ज्या घरांनी ख्रिस्तपुराण जपले त्यांची बोलण्याची भाषा कोंकणी होती आणि शेजारची कन्नड-तुळू. तरीही त्यांनी त्या मराठी ओव्या तीनशे वर्षे जिवंत ठेवल्या. त्या केवळ जपून ठेवल्या नाहीत, वाचल्या. आपल्या पेटाऱ्यांतही पोथ्या आहेत. कोणाकडे हाताने लिहिलेली एकनाथी भागवताची प्रत असेल, कोणाकडे आजीची अभंगांची वही असेल, आणि आपल्यात कोणी मराठी ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्यांच्याकडे टिळकांच्या पदांचे जुने गीतपुस्तक असेल. या सर्वांची एक यादी आपल्या मंडळाने तयार करावी, अशी आमची सूचना आहे. धर्माचा रकाना त्या यादीत नसला तरी चालेल. कोणत्या घरात कोणता ग्रंथ आहे, तो कोण वाचतो आणि शेवटचा केव्हा वाचला गेला, एवढे तीनच रकाने पुरेत. तिसऱ्या रकान्यात खरे उत्तर लिहिण्याचे धैर्य मात्र प्रत्येकाने दाखवावे.

लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या श्रद्धेची सुरुवात पाण्याच्या एका घोटापासून केली. आपल्याला सुरुवात करण्यास तेवढेही अवघड काही करावयाचे नाही. रोज संध्याकाळी, दिवा लागल्यावर, घरातल्या धाकट्याला शेजारी बसवून एक पान मोठ्याने वाचावे आणि त्याला कळले की नाही ते विचारावे. न कळल्यास त्याच्या भाषेत सांगावे. मराठी ख्रिस्ती घरांनी हे केले म्हणून परमुलखातून आलेली त्यांची श्रद्धा इथलीच झाली. आपली तर मुळातच इथली आहे. ती परकी होऊ न देणे एवढेच आपल्या वाट्याचे काम आहे.